क्रूझवर पूलजवळ काय घालावं, काय नाही? (मुंबई–लक्षद्वीप)

नाशिककरीण

डिसेंबरात मुंबईहून निघून लक्षद्वीपला जाऊन येणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलंय. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी, सासूबाई, जाऊबाई आणि त्यांचा अडीच वर्षांचा मुलगा. कागदपत्रांत पूलबद्दल एकच ओळ आहे : पोहण्याचा योग्य पोशाख आवश्यक. आता योग्य म्हणजे काय?

जाऊबाईंना नेहमीचा कॉस्च्युम घालायचा नाही, त्या टी-शर्ट आणि लेगिंग्जवर उतरायचं म्हणताहेत. नवऱ्याकडे सुती बर्म्युडा आहेत, त्या चालतील का? सासूबाई साडीच नेसतात. पाण्यात जाणार नाहीत, पण काठाला पाय सोडून बसायचंय. पुतण्या अजून डायपरमध्ये आहे. शिवाय केबिनपासून पूलपर्यंत कशात जायचं आणि तिथून जेवायला कशात, हेही सांगा. उगाच कुणी अडवून चारचौघांत शोभा नको.

डेक दहा

नियम असतो तो कापडाचा. अंग किती झाकलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. पूर्ण बाह्या आणि घोट्यापर्यंतची पँट असलेला स्विमसूट घालून उतरलात तरी कुणी काही बोलणार नाही, फक्त तो पोहण्याच्या कापडाचा हवा. सुती टी-शर्ट मात्र अडवतात आणि ते बरोबरच आहे.

कारण असं. सुती कापडाचे बारीक तंतू पाण्यात सुटतात आणि पंपाच्या तोंडाशी केस-धागे अडवायला जाळीची टोपली असते तिच्यात जाऊन बसतात. टोपली तुंबली की पाणी फिरणं मंदावतं. जहाजावरचा पूल सोसायटीच्या पूलपेक्षाही लहान असतो, त्यात दुपारी गर्दी, त्यामुळे परिणाम लगेच दिसतो. दुसरं, सुती कपड्यात मुरलेला घाम, धुण्याची पावडर आणि कच्चा रंग हे सगळं पाण्यातला क्लोरीन खातं. घामातल्या घटकांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात. डोळे चुरचुरतात आणि ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो तो खरा त्यांचाच. तिसरं कारण सुरक्षेचं. ढगळ सुती टी-शर्ट पाणी पिऊन जड होतो, हात वर उचलताना अंगाला ओढ बसते. पोहता न येणाऱ्याच्या अंगात तो नकोच.

जाऊबाईंसाठी दोन पर्याय. एक, पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहण्याच्या कापडाचा, अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) आणि त्याखाली स्विम लेगिंग. दोन, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉकवाला कॉस्च्युम. फ्रॉकवाला घेताना आत चड्डी जोडलेली आहे ना हे बघा, कारण घेर पाण्यात फुगून छत्रीसारखा वर येतो. लेबलवर नायलॉन (किंवा पॉलिअमाइड) 80 टक्के आणि इलॅस्टेन (म्हणजेच लायक्रा) 20 टक्के असं काहीतरी असेल तर डोळे झाकून घ्या. पॉलिस्टर आणि पीबीटी (पॉलिस्टरचाच एक ताणला जाणारा प्रकार) यांचं मिश्रण क्लोरीनला जास्त टिकतं, पण ते रोज पोहणाऱ्यांसाठी, चार दिवसांच्या सहलीला गरज नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक साध्या लेगिंग्ज कॉटन-लायक्रा असतात, 95 ला 5. त्या लायक्रा नावावर खपतात पण आहेत सुतीच. लेबल फाटलं असेल तर कापडावर पाण्याचा एक थेंब टाका : सुती असेल तर क्षणात शोषून डाग पसरतो, पोहण्याच्या कापडावर तो थोडा वेळ तरी तसाच राहतो.

बर्म्युडा घरीच ठेवा. नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या स्विम शॉर्ट्स घ्या, कमरेला इलॅस्टिक आणि नाडी दोन्ही असलेल्या. आत जाळीचं अस्तर असतं, त्याच्याखाली अंतर्वस्त्र घालायचं नसतं. हे आपल्याकडे बऱ्याच जणांना सांगावं लागतं. खिशाला खाली भोक किंवा जाळी हवी, नाहीतर खिशात हवा भरते आणि बाहेर येताना तांब्याभर पाणी सोबत येतं. घसरगुंडीवर जायचं असेल तर चेन, धातूची बटणं, रिव्हेट असलेलं काही नको. घसरगुंडीच्या फायबरवर ओरखडे पडतात आणि मागून येणाऱ्याची कातडी त्यावर सोलवटते.

आपल्या महापालिकांच्या तलावांवर टोपीची सक्ती असते, तशी जहाजावर सहसा नसते. पण लांब केस असतील तर घट्ट अंबाडा घाला, विशेषतः गरम पाण्याच्या जकुझीत. तिथे पाणी ओढणाऱ्या जाळ्या बसायच्या जागेच्या अगदी जवळ असतात.

खारं वारं

वरचं कापडाचं सगळं पटलं. मी सासूबाई आणि दागिन्यांकडे वळते, कारण आपल्या लोकांची खरी अडचण तिथे होते.

साडी नेसून पूलच्या डेकवर बसायला अजिबात हरकत नाही. खुर्ची टाकून दिवसभर बसा. काठावर पाय सोडून बसण्यात मात्र एक मेख आहे : जहाज डुलतं तसं पूलचं पाणीही डुलतं. वरून शांत दिसणारं पाणी अचानक एका बाजूला चढून काठावरून सांडतं आणि बसलेलं माणूस कमरेपर्यंत भिजतं. भिजलेली सुती साडी पायांत गुंडाळते, ओल्या डेकवरून उठताना तोल जातो. सासूबाईंना पाय भिजवायचेच असतील तर पायऱ्यांजवळ, कठड्याला धरून, जहाज बंदरात किंवा नांगरावर असताना. साडी सिंथेटिक, निऱ्या वर खोचलेल्या. पायात मागे पट्टा असलेली रबरी चप्पल, कारण ओल्या फरशीवर अंगठ्याची चप्पल सर्कन निसटते. उन्हात डेक पायाला चटके देतो म्हणून अनवाणीही नको.

दागिने केबिनच्या तिजोरीत. चांदीची जोडवी आणि पैंजण क्लोरीनने काळे पडतात. सोनं थोडा वेळ भिजलं तर काही होत नाही, पण मिश्रधातू आणि डाग दिलेले सांधे जकुझीच्या गरम, जास्त क्लोरीनच्या पाण्यात हळूहळू कमकुवत होतात. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी सुटली ते कळतही नाही. ज्यांना मंगळसूत्र काढायचंच नाही त्यांनी आखूड घालून रॅश गार्डच्या आत ठेवावं. लांब असेल तर लहान मूल कडेवर घेतल्यावर पहिला हात त्यालाच घालतं.

टिकल्या! पाण्यात उतरण्याआधी काढून आरशाला लावा (सगळे तेच करतात). सुटल्या की थेट गाळणीच्या टोपलीत. केसांना तेल लावून उतरू नका, तेलाचा तवंग पाणी गढूळ करतो आणि गाळणीच्या वाळूत बसतो. आदल्या रात्री लावलं असेल तर शाम्पू करून या. शॉवर दोन वेळा : उतरण्याआधी आणि नंतर. आधीच्या शॉवरला लोक कंटाळतात, पण निम्मा घाम आणि क्रीम तिथेच धुऊन जातं. सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा वरचं, उन्हात जाण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा आणि दर दोन तासांनी परत. रॅश गार्ड घातला की पाठ, खांदे, दंड झाकले जातात, तेवढीच ट्यूब वाचते.

मुलीच्या कॉस्च्युमचा रंग नीट निवडा. फिकट निळा, पांढरा, राखाडी हे रंग पाण्याखाली दिसेनासे होतात. नारिंगी, पोपटी, भडक गुलाबी घ्या. कित्येक जहाजांवर पूलपाशी जीवरक्षक नसतो, नजर तुम्हालाच ठेवायची आहे.

एल्बेकाठी

केबिन ते पूल याबद्दल. लिफ्ट, जिना आणि बऱ्याचदा बुफेच्या दारावरून जाणारी वाट, या सगळ्यांत नुसत्या स्विमसूटवर फिरणं वाईट दिसतं. बुफेत तर अंगात वरचा कपडा आणि पायात चपला नसतील तर सोडत नाहीत. रात्रीच्या मोठ्या डायनिंग रूममध्ये स्विमवेअर कुठेच चालत नाही. गादीच्या खुर्चीवर ओल्या कपड्यांनी बसू नका, टॉवेल घाला.

वरून काय घालायचं यावर लोक कफ्तान किंवा कमरेला गुंडाळायचा सराँग सुचवतात. माझं मत वेगळं आहे. जहाज 16-17 नॉटने चाललं तरी वरच्या डेकवर ताशी 30 किलोमीटरचा वारा नुसत्या वेगाचाच असतो, समुद्राचा वारा वेगळा. सराँग उडतो, कफ्तान तोंडावर येतो. पुढे बटणं असलेला लांब शर्ट किंवा साधा सुती कुर्ता घ्या. इथे सुती चालतं, पाण्यात जायचं नाहीये. टोपीला हनुवटीखाली नाडी हवी.

प्रत्येकी दोन स्विमसूट घ्या. दमट हवेत, खिडकी नसलेल्या केबिनमध्ये एक रात्रीत वाळत नाही आणि ओला इलॅस्टेन सकाळी पायात चढवणं ही शिक्षा आहे. पिळू नका, कोरड्या टॉवेलमध्ये ठेवून गुंडाळी करा आणि वरून दाबा. बऱ्याच केबिनच्या शॉवरमध्ये ओढून काढायची दोरी असते. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, लोहचुंबकाचे हुक चिकटतात. बाल्कनीच्या कठड्यावर काही वाळत घालू नका. वाऱ्याने उडून खालच्या डेकवर जातं, म्हणून त्याला मनाई असते. आणि इस्त्री सोबत नेऊ नका, आगीच्या भीतीने चढतानाच काढून घेतात.

पुढे कधी युरोपातून क्रूझ केलीत तर एक गोष्ट उलटी आहे. जर्मन प्रवाशांसाठीच्या आइडा किंवा माइन शिफसारख्या जहाजांवर पूलमध्ये स्विमसूट लागतो, पण सौनात (घाम काढायच्या गरम खोलीत) तो घालून जायचं नसतं. तिथे विनावस्त्र, टॉवेल पसरून बसतात, स्त्री-पुरुष एकत्र. नको असेल तर दारावरची पाटी वाचून परत फिरा.

नाशिककरीण

सगळ्यांचे आभार. डायपरचं राहिलं. स्विम डायपर मिळतात ना, ते घालून पुतण्याला उतरवलं तर?

डेक दहा

मोठ्या पूलमध्ये नाही, जकुझीत तर मुळीच नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांचा नियम असा की मूल पूर्णपणे शी-शू सांगणारं हवं. काही जहाजांवर बाळांसाठी वेगळा उथळ भाग असतो, स्विम डायपर फक्त तिथे चालतो. तो नसेल तर केबिनच्या शॉवरमध्ये टब किंवा डेकवर पाण्याची बादली, एवढंच.

स्विम डायपर घट्ट शी थोडा वेळ धरून ठेवतो. लघवी त्यातून सरळ बाहेर येते आणि पातळ जुलाब काही मिनिटांत गळतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाब करणारा जंतू नेहमीच्या क्लोरीनच्या पाण्यातही आठवड्याहून जास्त जगतो. म्हणून पाण्यात कुणाला जुलाब झाला तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या सूचनेप्रमाणे 20 पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत 20 भाग) क्लोरीन पावणेतेरा तास ठेवावं लागतं. नेहमी ते एक ते पाच पीपीएम असतं, यावरून अंदाज करा. तेवढा वेळ पूल बंद किंवा रिकामा. एका बाळापायी सगळ्या जहाजाचा दिवस जातो, म्हणून ते याबाबतीत ऐकत नाहीत.

खारं वारं

बेटावर उतरताना : लक्षद्वीपची वस्ती जवळपास सगळी मुस्लिम आहे आणि गाव किनाऱ्याला लागूनच. पाण्यात रॅश गार्ड-लेगिंग उत्तम, पाण्याबाहेर खांदे आणि गुडघे झाकलेले. बिकिनी वस्तीच्या बेटांवर घालू नये. प्रवाळावर पाय कापतात म्हणून रबरी तळाचे पाण्यातले बूट न्या, डेकवरही तेच चालतात. गोव्याचा थांबा असेल आणि मंगेशीला जायचं असेल तर पिशवीत सलवार-कमीज किंवा पूर्ण पँट ठेवा, शॉर्ट्सवर आत सोडत नाहीत.

एल्बेकाठी

बंदरांवरून आठवलं. कॅरिबियन क्रूझवाल्यांनी लहान मुलांच्या स्विम शॉर्ट्सवर लष्करी छापाचं हिरवं-करडं डिझाइन घेऊ नये. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, सेंट लुशिया इथे सैन्याबाहेरच्यांनी ते घालणं बेकायदा आहे, मुलांनासुद्धा. बार्सिलोनात किनारा सोडून रस्त्यावर नुसत्या स्विमवेअरवर फिरलं तर दंड होतो.

नाशिककरीण, एक शेवटचं. पूलचे टॉवेल तुमच्या कार्डावर देतात आणि परत केले नाहीत तर खात्यावर पैसे लावतात, तेव्हा जमा करताना नोंद झाली का बघा. टॉवेल टाकून खुर्ची अडवून ठेवायची सवय असेल तर सोडा. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर 40 मिनिटं कुणी फिरकलं नाही की सामान उचलून ठेवतात. सासूबाईंना सावलीतली खुर्ची हवी असेल तर नाश्त्याच्या वेळी त्यांनाच तिथे नेऊन बसवा.