सहावीतल्या मुलाला वर्गात त्रास होतोय: शाळा सोडवून घरीच शिकवावं का?

ओसरी

मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. पुण्यातली अनुदानित शाळा, राज्य मंडळ. मुळात अबोल. बोलताना नजर देत नाही, थट्टा उशिरा कळते, आणि रेल्वेच्या वेळापत्रकांवर बोलायला लागला की समोरचा कंटाळलाय हे लक्षात येत नाही. जूनपासून वर्गातली चार मुलं त्याला 'स्टेशन मास्तर' म्हणतात. डबा लपवणं, कंपासपेटी लाथेने बाकाखाली सरकवणं, व्हॅनमध्ये मागच्या सीटवर कोपऱ्यात दाबून बसवणं चालू आहे. दिवाळीनंतर रोज सकाळी पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. वर्गशिक्षिकांना दोनदा तोंडी सांगितलं. दोन्ही वेळा पाचही जणांना वर्गासमोर उभं करून हात मिळवायला लावले.

आता घरी होमस्कूलिंगचा विचार चाललाय. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.
१. कायद्याने चालतं का, आणि पुढे दहावी कशी द्यायची?
२. घरी राहिल्याने त्याचं मुलांमध्ये मिसळणं सुधारेल की होतं तेही जाईल?
३. शाळेला आणखी एक संधी द्यायची तर नेमकं काय मागायचं?

मधली_सुट्टी (शालेय समुपदेशन)

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकीच्या दोहोंची उत्तरं त्यावरच ठरतील.

वर्गासमोर हात मिळवायला लावणं हा शाळांचा आवडता उपाय आहे आणि तो फार घातक आहे. भांडण बरोबरीच्या दोघांत असेल तर समेट होतो. नॉर्वेच्या डॅन ओल्वेयस यांनी शाळेतल्या छळाची जी व्याख्या रूढ केली तिचे तीन भाग आहेत: मुद्दाम केलेलं, पुन्हापुन्हा होणारं, आणि बळ एका बाजूला जास्त असलेलं. तुमच्याकडे तिन्ही आहेत. चारांविरुद्ध एक असताना समेट घडवला की एकट्याला 'मिटलं' म्हणावं लागतं, आणि चौघांना कळतं की बाईंपर्यंत गेलं तरी फार तर हात मिळवावा लागतो. सांगितल्याचा वचपा व्हॅनमध्ये निघतो तो वेगळाच.

आधी दोन आठवडे नोंद ठेवा. तारीख, वेळ, जागा, कोण, नेमके शब्द, कोणी पाहिलं, काय हरवलं किंवा मोडलं. उदाहरणार्थ: 'मंगळवार, मधली सुट्टी, पाण्याच्या टाकीजवळ. डबा काढून घेतला, "गाडी सुटली, गाडी सुटली" म्हणत तिघांत फिरवला. पाचवीतल्या दोघांनी पाहिलं. डबा रिकामा परत मिळाला.' एवढं पुरे. 'खूप त्रास दिला' ही नोंद कामाची नाही, कारण ती वाचून शाळेला काही करता येत नाही. मुलाला रोज पाच-दहा मिनिटांहून जास्त विचारू नका आणि 'तू काय केलंस?' हा प्रश्न तर नकोच. 'आज डबा कुठे बसून खाल्लास?' हा चांगला प्रश्न आहे, त्याच्या उत्तरात बाकीचं आपोआप येतं.

त्याच्याकडून शाळेचा नकाशा काढून घ्या. वर्ग, जिना, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, मैदान, व्हॅनची जागा. जिथे भीती वाटते तिथे लाल, जिथे कधीकधी वाटते तिथे पिवळा, जिथे वाटत नाही तिथे हिरवा. वेळापत्रकं आवडणारा मुलगा हे मन लावून करेल. बहुतेक वेळा लाल जागा म्हणजे मोठं माणूस नसलेल्या जागा निघतात, आणि शाळेकडे तुमची मागणी त्यातूनच तयार होते.

मग लेखी अर्ज, मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत वर्गशिक्षिकांना. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन पोच घरी ठेवा. 'कडक कारवाई व्हावी' असं मोघम लिहू नका. असं मागा:
- मधल्या सुट्टीत टाकीजवळ आणि जिन्यात एका शिक्षकाची पाळी.
- बसण्याची जागा बदलून पहिल्या दोन बाकांत, शेजारी शांत स्वभावाचा एक मुलगा.
- त्या चौघांशी एकेकट्याने बोलणं, चौघांना एकत्र नाही, आणि याच्यासमोर तर नाहीच.
- वर्गात किंवा परिपाठात याचं नाव न घेणं.
- दोन आठवड्यांनी आढावा बैठक, तारीख आत्ताच ठरवून.

एकेकट्याने का, तर गटात असताना प्रत्येकाला गटासमोर आपली शान राखायची असते. चौघांतला एखादा नुसता मागे मागे जाणारा असतो. तो एकटा भेटला की लगेच मवाळ होतो, आणि गट तिथूनच सुटायला लागतो.

शेजारच्या बाकावरच्या मुलाची मागणी किरकोळ समजू नका. टोरांटोच्या शाळांमध्ये मैदानावरचं चित्रीकरण करून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की दुसरं मूल मध्ये पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा त्रास १० सेकंदांत थांबतो. मध्ये पडणारी मुलं मात्र फार थोडी होती. एक जरी मूल याच्या बाजूचं झालं तरी चित्र बदलतं.

सतरा_नंबर

कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयासाठी. त्यात होमस्कूलिंगला नाव घेऊन परवानगीही नाही आणि बंदीही नाही. कलम १० पालकांवर मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य टाकतं, पण ते न पाळल्यास दंड किंवा शिक्षा सांगत नाही. त्यामुळे घरी शिकवणारी कुटुंबं आहेत आणि त्यांच्यावर खटले होत नाहीत. मात्र मूल शाळाबाह्य म्हणून सर्वेक्षणात येऊ शकतं, शिक्षक घरी विचारायला येऊ शकतात. त्यांच्याशी भांडू नका, काय शिकवता त्याची वही दाखवा.

दहावीचे दोन रस्ते. पहिला एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीला वय १४ पूर्ण हवं, किमान ५ विषय, त्यात किमान एक भाषा. वर्षातून दोन सार्वजनिक परीक्षा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नोंदणी झाली की ५ वर्षं आणि ९ संधी, त्यामुळे विषय सुटे सुटे करता येतात. सोडवून द्यायच्या स्वाध्यायांना २० टक्के भार असतो आणि लोक तेच द्यायला विसरतात. त्याआधीच्या टप्प्यांसाठी त्यांच्याच अ, ब, क पातळ्या आहेत, अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या. दुसरा रस्ता आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, खासगी विद्यार्थी म्हणून. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो.

आता नेहमी चुकतं ते. लोक रागाच्या भरात दाखला काढतात आणि तो न वाचता घरी आणतात. आपल्याकडे दाखल्यावर जात, जन्मस्थळ आणि जन्मतारीख असते, आणि पुढे जात पडताळणीला हाच कागद मागतात. नावातली वेलांटी, आडनावाचं स्पेलिंग, जातीची पोटजातीसह नोंद, सगळं शाळेच्या जनरल रजिस्टरशी (प्रवेशाच्या वेळची मूळ नोंद) ताडून पाहा. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते. नाव कमी झाल्यावर तीच दुरुस्ती वर्षभर हेलपाटे घालायला लावते.

दाखला काढण्याआधी दुसरी शाळा किंवा निदान दुसरी तुकडी, हा पर्याय तपासा. कलम ५ प्रमाणे दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. घरी शिकवून जमलं नाही तर कलम ४ आहे: १४ वर्षांपर्यंत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो.

अंगणवाट

मधली_सुट्टी यांच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही. दोन आठवडे नोंद, मग अर्ज, मग दोन आठवडे वाट, असा महिना जातो. मूल अंगाला इजा घेऊन येत असेल, झोपत नसेल, उलट्या होत असतील किंवा 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं म्हणत असेल, तर नोंदवही बाजूला ठेवा आणि उद्यापासून पाठवू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रजा घ्या, दाखला नाही. मरण्याची भाषा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चाइल्डलाइनचा १०९८, दोन्ही चोवीस तास. कपड्यांना, शरीराला नको तिथे हात लावला असेल तर ते 'मुलांचं चिडवणं' नाही, पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) येतं, आणि ते शाळेने आत मिटवायचं नसतं.

घरी शिकवणं हा पळ नाही. पण ते 'शाळा वजा त्रास' असंही नाही. सहावीचा अभ्यास एकास एक शिकवला तर दिवसाला अडीच-तीन तासांत होतो. उरलेला दिवस कशाने भरणार, हे ठरवल्याशिवाय सुरू करू नका. आठवड्याला किमान तीन ठिकाणं अशी हवीत जिथे तीच मुलं, त्याच वेळी, वर्षभर भेटतात. महिन्याला एकदा होमस्कूलवाल्यांची सहल त्यात धरू नका. दर वेळी नवी तोंडं असली की अबोल मुलाला दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

अशा मुलांना बालनाट्य चांगलं मानवतं. काय बोलायचं ते संहितेत लिहिलेलं असतं, कुणाकडे बघायचं ते दिग्दर्शक सांगतो, आणि तालमीच्या मधल्या वेळात बोलायला विषय आयता असतो. स्काउट, मल्लखांब, पोहण्याची बॅच याही चालतील. जिथे हातांना काम आहे तिथे तोंडावरचा ताण कमी होतो.

मधली_सुट्टी

इजा आणि मरण्याच्या भाषेबद्दल पूर्ण मान्य. मी ते सर्वांत वर लिहायला हवं होतं.

पण उलट बाजूही सांगते. भीतीची रीत अशी असते की टाळलं की लगेच हलकं वाटतं. त्या हलकेपणामुळे टाळणं पक्कं होतं आणि पुढच्या वेळी तीच गोष्ट अधिक मोठी वाटते. म्हणून नुसतं घरी बसवलं तर पोटदुखी आठवड्यात थांबते, आणि तीन महिन्यांनी मूल शाळा सुटायच्या वेळी खाली दुकानात जायलाही तयार नसतं. झोपेची वेळ सरकणं, बाहेर जायचं म्हटलं की चिडणं, सोसायटीतल्या मुलांना पाहून लिफ्ट सोडून देणं ही पहिली चिन्हं. रजा दिली तरी रोज एक तरी बाहेरची गोष्ट चालू ठेवा.

पाटी_पेन्सिल (बालविकास, उपचार)

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. लाजाळू, घाबरलेला आणि स्वमग्नतेच्या छटेचा, ही तीन मुलं वरून सारखी दिसतात. तुम्ही लिहिलेली लक्षणं (नजर, थट्टा न कळणं, एका विषयाचा ध्यास) लहानपणापासूनची असतील तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासणी करून घ्या. श्रवणचाचणीही करा, कमी ऐकू येणारं मूल गलक्यात थट्टा चुकवतं. नजर द्यायची जबरदस्ती मात्र करू नका. नजरेकडे लक्ष दिलं की त्याचं ऐकण्याकडचं लक्ष जातं.

घरी शिकवण्यासारख्या दोन गोष्टी.

चिडवण्याला उत्तर. 'दुर्लक्ष कर' हा सल्ला चालत नाही, कारण गप्प राहणं म्हणजे लागलं असंच चिडवणाऱ्याला दिसतं. रडणं आणि चिडणं तर त्यांना हवंच असतं. दोन शब्दांचं सपाट उत्तर द्यायचं आणि तिथून चालू लागायचं: 'बरं, मग?', 'असू दे', 'जुनं झालं आता'. रोज रात्री पाच मिनिटं तुम्ही 'स्टेशन मास्तर' म्हणा आणि त्याने उत्तर द्यायचं, दहा वेळा. आवाज वर जाऊ द्यायचा नाही, थांबून बघायचं नाही. पहिले काही दिवस चिडवणं वाढेल, कारण नेहमीचा परिणाम मिळत नाही म्हणून ते जोर लावतात. हे मुलाला आधी सांगा, नाहीतर तो सोडून देईल. हे फक्त शब्दांसाठी आहे. धक्काबुक्कीला उत्तर एकच: मोठ्या माणसाच्या दिशेने चालत जाणं.

खेळात शिरणं. 'मला घेता का?' असं लांबून विचारलं की 'नाही' येतं. जवळ उभं राहायचं, एक-दोन मिनिटं खेळ बघायचा, खेळाबद्दलच काही बोलायचं ('भारी कॅच!'), चेंडू आपल्याकडे आला तर आणून द्यायचा, डाव संपला की कमी भिडू असलेल्या बाजूला विचारायचं. नाही म्हणाले तर वाद न घालता निघायचं. निम्म्या वेळा नकार सगळ्याच मुलांना येतो, हे त्याला माहीत नसतं.

आणि एक मूल घरी बोलवा, दोन नको. दोन आले की ते दोघे आपसात खेळतात. दीड तास, कॅरम किंवा सायकल, मोबाइल बंद, धाकटं भावंड बाजूला, शेवटी भेळ. खेळ रंगात असतानाच थांबवा. रेल्वे आवडणारं दुसरं मूल मिळालं तर सोन्याहून पिवळं. वेळापत्रकाचा नाद मोडायला जाऊ नका, फक्त दोन वाक्यं बोलून एक प्रश्न विचारायचा, एवढा नियम शिकवा.

ओसरी

सगळ्यांचे आभार. मरण्याची भाषा नाही, झोप ठीक आहे. म्हणजे आधी नोंद आणि अर्ज, आणि दाखला आत्ता नाही. दोन प्रश्न राहिले. व्हॅन शाळेची नाही, खासगी आहे, शाळा म्हणेल आमचा संबंध नाही. आणि वर्गातल्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात त्याचे स्टिकर करून टाकलेत.

सतरा_नंबर

स्टिकर पुसू नका, पुसायला लावूही नका. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ, ग्रुपचं नाव आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसलं पाहिजे. छापून अर्जाला जोडा. ग्रुपवर पालकांनी उत्तर द्यायचं नाही, तिथे लिहिलेलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या दिवशी वर्गात मुलावर उलटतं. शाळेकडून काहीच झालं नाही तर जिल्हा परिषदेचे किंवा महापालिकेचे शिक्षणाधिकारी, आणि त्यावर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. तिथे पहिला प्रश्न 'शाळेला लेखी कळवलं का' हाच असतो, म्हणून पोच जपा. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, राज्य शासनाचा आदेश २०२२ चा आहे. अर्जाची एक प्रत त्यांनाही द्या.

मधली_सुट्टी

व्हॅनवाल्या काकांशी स्वतः बोला, आणि तक्रारीच्या सुरात नको, कारण रोजचं मूल त्यांच्या हातात आहे. फक्त एक मागा: याची जागा पुढे, काकांच्या शेजारच्या सीटमागे, खिडकीकडे, आणि चढताना पहिला किंवा उतरताना पहिला. त्या चौघांतला कोणी याच्या स्टॉपवर चढत असेल तर पंधरा दिवस स्टॉपपर्यंत सोबत जा, पण दहा पावलं लांब उभे राहा. पंधरा दिवसांनी त्याच्याकडून तोच नकाशा नव्या कागदावर पुन्हा रंगवून घ्या आणि जुन्याशेजारी ठेवून आढावा बैठकीला न्या. लाल जागा तेवढ्याच राहिल्या असतील तर तुकडी बदलण्याचा अर्ज त्याच बैठकीत, लिहून तयार असू द्या.