मदत हवी आहे: जुना ब्लॉक बदलला तरी नोड गप्पच

पार्ल्याच्या कॉलेजात शनिवारी ब्लॉकचेनचं प्रात्यक्षिक दाखवायचं आहे. बिटकॉइन कोअरच्या जुन्या ब्लॉक फाइलमध्ये हेक्स एडिटरने एका व्यवहाराच्या रकमेचा एक बाइट बदलला आणि नोड (साखळीची प्रत ठेवून ती तपासणारा हा प्रोग्रॅम) पुन्हा चालू केला. एरर नाही, शिल्लकही तीच. साखळी तुटायला हवी ना?

प्रतिसाद १
तुटलीये, पण नोडने अजून पाहिलेलं नाही. सुरू होताना तो फक्त शेवटचे ६ ब्लॉक तपासतो. आणि शिल्लक ब्लॉक फाइलमधून येतच नाही, ती वॉलेटच्या स्वतःच्या वेगळ्या डेटाबेसमधून येते.

आधी तो बाइट पूर्ववत करा. तसाच राहिला आणि दुसऱ्या नोडने तो ब्लॉक मागितला, तर तुम्ही खराब माल पाठवाल आणि तो नाकारला जाईल. प्रयोग रेगटेस्टवर (आपल्याच संगणकावरच्या चाचणी साखळीवर) करा, मुख्य साखळी ६०० जीबीच्या वर आहे. नवीन डेटा फोल्डर, ११० ब्लॉक तयार करा (मायनिंगचं, म्हणजे नवा ब्लॉक बनवल्याचं, बक्षीस १०० ब्लॉक पक्व व्हावं लागतं, म्हणून खर्च दाखवायचा तर १०१ तरी हवेतच), नोड बंद करून मधल्या एका ब्लॉकची रक्कम बदला. रक्कम ८ बाइटची, सातोशीत (बिटकॉइनच्या सर्वांत लहान एककात), सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी. मग नोड चालू करून व्हेरिफायचेन ही साखळी तपासायची आज्ञा चालवा: तपासणीची पातळी १, ब्लॉकची संख्या ० (० म्हणजे सगळे). उत्तर 'फॉल्स' येईल, म्हणजे तपासणी नापास.

आवृत्ती २८ पासून नव्या फोल्डरमधल्या ब्लॉक फाइल एक्सओआर करून (एका किल्लीने बाइट बदलून) लिहिल्या जातात. एडिटरमध्ये व्यवहार सापडणारच नाही. फोल्डर पहिल्यांदा बनवतानाच ब्लॉक्सएक्सओआर=० हा पर्याय द्या.

धागाकर्ता
'फॉल्स' आलं! पण मुलं विचारतील, मर्कल रूटही (ब्लॉकमधल्या सगळ्या व्यवहारांवरून काढलेला ठसा) बदलून टाकला तर?

प्रतिसाद २
छान प्रश्न आहे, त्यावरच वेळ द्या. ८० बाइटच्या हेडरमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या सुरुवातीच्या माहितीत, मर्कल रूट ३२ बाइटचा. तो बदलला की हेडरचा हॅश (त्यावरून काढलेला ठसा) बदलतो, आणि पुढच्या ब्लॉकने मागचा म्हणून जुनाच हॅश धरलेला असतो. म्हणजे तिथून शेवटापर्यंत प्रत्येक ब्लॉकसाठी नवा नॉन्स (हॅश नियमात बसवणारा आकडा) शोधा, तोवर बाकीचे सरासरी दर १० मिनिटांनी एक ब्लॉक पुढे. सोसायटीच्या मिनिट बुकाचं पान कुणी बदललं, तर प्रत्येक सभासदाच्या घरी मूळ प्रत आहे असं समजा.

मात्र रेगटेस्टमध्ये नॉन्स एकदोन प्रयत्नांत मिळतो. ही मेहनत तिथे दिसणार नाही, ती फळ्यावरच समजवावी लागेल.