१४ फुटी अ‍ॅल्युमिनियम होडीत पेट्रोलची टाकी : कायमची बसवायची की उचलता येणारी? माझं मत उचलता येणारीच

आंभोरावाला
मंडळी नमस्कार, जरा लांब होईल पण पूर्ण वाचा. मी राहतो मानेवाड्याला, माझा साळा कुही तालुक्यातला, मासेमार सोसायटीचा मेंबर. दोघांनी मिळून १४ फुटी अ‍ॅल्युमिनियमची सपाट बुडाची होडी घेतली, मागं १५ एचपीचं टू स्ट्रोक ओबीएम (होडीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन). आंभोऱ्याहून वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये जायचं, जाळी टाकायची-काढायची आणि माल काठावर आणायचा, एवढंच काम. वाद पेटला टाकीवरून. साळा म्हणते हिंगण्याच्या एमआयडीसीत आर्गन वेल्डिंगवाल्याकडून ५० लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी बनवून घेऊ आणि मधल्या पाटाखाली (बसायच्या आडव्या फळीखाली) कायमची बसवून टाकू, रोज कॅन उचलायची कटकट नको.

मला हे अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते सांगतो. १५ एचपीचं इंजिन फुल थ्रॉटलला तासाला ६ लिटरच्या आसपास पितं. आमचं जाणं अर्धा तास, येणं अर्धा तास, बाकी वेळ जाळ्याजवळ हळूहळू किंवा इंजिन बंद, म्हणजे ८-१० लिटरमध्ये दिवस निघून जातो. एक हिस्सा जायला, एक यायला आणि एक हिस्सा शिल्लक असा जुना नियम लावला तरी १५ लिटर पुरे, मग २५ लिटरची टाकी भरपूर झाली ना. ५० लिटर पेट्रोल म्हणजे नुसतं पेट्रोलच ३७ किलो, ते रोज कशाला फिरवायचं, तेवढ्या वजनाचा कटला आणता येतो.

आणि जागा. सगळे टाकी इंजिनजवळ ठेवतात कारण पाईप लहान लागतो. पण मागं बसणारा माणूस ७५ किलो, इंजिन ४० किलो, त्यात भरलेली टाकी २२ किलो, हे सगळं शेवटच्या चार फुटात आलं की होडीचं नाक वर जातं, समोरचं दिसत नाही, आणि तिथं पाण्यात बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत. म्हणून माझं म्हणणं २५ लिटरची प्लास्टिकची मरीन टाकी घ्या आणि ती पार पुढच्या पाटाला लागून पट्ट्यानं आवळून बांधा. बोला.

आर्गनवाला_हिंगणा
मी टाक्या बनवतो म्हणून माझी बाजू घेतो असं समजू नका, पण तुमचं अर्धं चुकतंय. सैल टाकीमुळं होडीत आग लागू शकते. पाय लागून आडवी होते, पाईप पायात अडकून निपलमधून निघते, भरताना सांडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती उडून जात नाही, होडीच्या बुडाशी साचून बसते आणि तिथंच तुमची बॅटरीची वायर असते. नीट बसवलेल्या टाकीत हे होत नाही कारण भरायचं तोंड वर काठाला असतं आणि व्हेंटचा (हवा-वाफ जायच्या वाटेचा) पाईप होडीच्या बाहेर निघतो. ५०५२ ग्रेडची शीट घ्या, जाडी अडीच-तीन मिलिमीटर, आत आडवी बॅफल (भोकं असलेला आडवा पत्रा) टाका म्हणजे पेट्रोल हिंदकळणार नाही, ३ पीएसआय दाबानं हवा भरून सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून बघा, बस. वजन मधोमध आणि खाली राहतं, होडी उलट स्थिर होते.

दुसरं, तुम्ही पेट्रोल आणणार कुठून? पंपावर प्लास्टिकच्या कॅनमध्ये द्यायला बहुतेक जण नाही म्हणतात. बसवलेली टाकी असली की होडी ट्रेलरवर घेऊन सरळ पंपावर जाता येतं.

डोंगावाला
आर्गनवाले भाऊ, तुमचं वेल्डिंग चांगलंच असन, पण आधी हे सांगा मधल्या पाटाखाली काय हाय ते कोणी खोलून पायलं का? अशा होडीत पाटाखाली फोम भरून असते. होडीत पाणी भरलं तं तिले वर धरून ठेवते तो फोमच. लाकडाचा डोंगा उलटला तं तरंगते, आमच्या बापानं रात्रभर धरून काढली अशी एक रात्र. अ‍ॅल्युमिनियमची होडी फोम काढला की गोट्यासारखी खाली जाते, वर मागून इंजिन ओढतेच. टाकी बसवाले तुम्ही तोच फोम काढून फेकान आणि वैनगंगेच्या मधात वादळ आलं तं धराले काय राहीन? जूनच्या पहिल्या आठवड्यातलं तिथलं वारं ज्यानं पायलं तो हे काम करणार नाई. माह्यासाठी तं इथंच वाद संपला.

आर्गनवाला_हिंगणा
हा मुद्दा मी सोडून गेलो होतो, मान्य. पण मग फोम बाजूच्या कप्प्यात भरता येतो की.

डोंगावाला
१४ फुटीत बाजूचा कप्पा कुठं हाय भाऊ, बाजूनं तं जाळी ठेवतो आमी.

मालवण_ते_नागपूर
मी मूळचा मालवणचा, नोकरीमुळे नागपुरात बारा वर्षं. बसवलेली टाकी नको याला माझा पाठिंबा, कारण वेगळं. तिकडे एका होडीतली अ‍ॅल्युमिनियमची टाकी बाहेर काढली तेव्हा वरून चकाचक आणि बुडाला टाचणीएवढी भोकं. टाकीखाली गोणपाट घातलं होतं, आवाज येऊ नये म्हणून. ते कायम ओलं राहायचं. अ‍ॅल्युमिनियमला हवा मिळाली तर वरचा थर आपोआप टिकतो, ओलं काहीतरी चिकटून राहिलं की तिथंच खातं. आणि पाटाखालची टाकी रोज कोण बघतो? कळतं ते वास आल्यावर.

पण धागाकर्त्याची पुढे ठेवायची आयडिया मला मान्य नाही. लाटेत होडीचं नाक सगळ्यात जास्त आपटतं, बांधलेल्या टाकीच्या कड्यासुद्धा उपटून येतात. शिवाय तिथून इंजिनपर्यंत ११-१२ फूट पाईप. इंजिनचा फ्युएल पंप ओढणारा असतो, जितका पाईप लांब आणि जितके जोड जास्त तितकी हवा ओढली जाण्याची शक्यता जास्त, आणि भर पाण्यात इंजिन खोकायला लागतं. टाकी मागेच असू द्या. बॅटरी पुढे न्या, बर्फाची पेटी पुढे न्या, दुसरा माणूस पुढे बसवा.

आर्गनवाला_हिंगणा
मालवणच्या खाऱ्या पाण्याचा नियम वैनगंगेच्या गोड्या पाण्याला लावू नका. आणि गोणपाट घालणारा चुकला, टाकी नाही. निओप्रीन रबराच्या पट्ट्या टाकीलाच चिकटवायच्या, खाली बोटभर हवा खेळती ठेवायची, पितळी निपल न लावता स्टीलचं लावायचं.

मालवण_ते_नागपूर
गोड्या पाण्यातही ओला गाळ, माशाचं रक्त आणि खवले चिकटून राहिले तर तेच होतं, वेळ जास्त लागतो इतकंच. तुमच्या होडीत बोटभर फटीत गाळ जाणार नाही याची खात्री कोण देणार?

नंदनवन_मेकॅनिक
टाकीच्या आतलं कोणीच बोलून नाही राहिलं म्हणून लिहितो. आता पंपावर मिळते ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेते. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर तशीच राहिली आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होते आणि खाली बसते. टाकीतला ओढायचा पाईप कुठं असते, बुडालाच. टू स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलमध्ये मिसळून असते, ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, पण त्या खालच्या थरात ऑईल नसतेच. इंजिन तो थर ओढते, ऑईलविना फिरते आणि पिस्टन जाम. माझ्याकडे असं एक इंजिन आलं, मालक म्हणे ऑईल तर बरोबर टाकलं होतं, आणि खरंच टाकलं होतं त्यानं.

उचलायची टाकी असली तर सीझन संपला की उरलेलं पेट्रोल गाडीत ओतून टाका (टू स्ट्रोकचं असन तर टू स्ट्रोकच्याच गाडीत), टाकी उलटी करून वाळवा, विषय संपला. ५० लिटरच्या बसवलेल्या टाकीत ऑईल तरी नीट कसं मिसळणार, होडी हलवून? म्हणून माझं मत पण उचलायचीच. पाण्याचा सेपरेटर फिल्टर मात्र लावाच.

आणि उन्हाचं. नागपूरचा मे म्हणजे ४५ डिग्री. झाकणावरचं व्हेंट बंद आणि पाईप इंजिनला जोडलेली अशी टाकी उन्हात ठेवली तर आत प्रेशर बनते आणि पेट्रोल आपोआप इंजिनमध्ये ढकललं जाते, कार्बुरेटर भरून वाहते. थांबलं की पाईप काढायची, चालवताना व्हेंट उघडायचं. उघडायचं विसरलं तर उलटं होते, टाकी आत ओढली जाते आणि इंजिन बंद पडते. काठोकाठ भरायची नाही, थोडी जागा ठेवा. वर ओलं पोतं टाका, टाकीच्या वर, खाली नाही.

आंभोरावाला
सगळ्यांचे आभार, मनापासून. वाद घालत बसण्यापेक्षा करून बघावं म्हणून रविवारी आंभोऱ्याला २५ लिटरचा कॅन पाण्यानं भरून नेला. पाणी पेट्रोलपेक्षा जड, पण टाकीचं स्वतःचं वजन धरलं तर फरक थोडाच. आधी मागं ठेवला, मी एकटा बसलो, नाक एवढं वर की उभं राहून बघावं लागलं आणि होडी वेग घेऊन पाण्यावर चढायलाच तयार नाही. मग माझ्या म्हणण्याप्रमाणं पार पुढे ठेवला. सरळ पाण्यात एकदम मस्त, पण वारं सुटल्यावर प्रत्येक लाटेला धाड धाड, आणि साळा पुढे येऊन बसला तेव्हा नाकावरून पाणी आत आलं. म्हणजे मालवणवाले, पुढच्या जागेबद्दल तुम्ही बरोबर होता आणि मी चूक. पण मागच्या जागेबद्दल अजूनही नाही, कारण दुसरा माणूस रोज असेलच असं नाही, जाळं काढायला बरेचदा साळा एकटा जातो. शेवटी मधल्या पाटाच्या पुढच्या बाजूला टेकवून ठेवला, तिथं एकटा असो की दोघं, होडी सपाट राहिली. पाईप ८ फुटात बसतो. ८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा घेणार, मधे एकही जोड नाही, हातानं दाबायचा रबरी पंप इंजिनच्या बाजूला.

फोमला हात लावणार नाही. डोंगावाले भाऊंचं वाचून साळा पण त्याबाबतीत गप्प झाला.

मालवण_ते_नागपूर
आठ फूट चालेल. पाईप पायाखाली मोकळा सोडू नका, काठाच्या आतून क्लिपा मारून न्या.

आर्गनवाला_हिंगणा
पेट्रोल आणायचा प्रश्न कोणीच सोडवला नाही अजून. कायद्यानं बिनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं आणि तेही धातूच्या डब्यात, २५ लिटरपेक्षा मोठा डबा चालत नाही. तुमची प्लास्टिकची टाकी होडीवर ठीक आहे पण पंपावर घेऊन जाल तर परत पाठवतील. म्हणून अजून सांगतो, बसवलेली नको तर नको, पण २० लिटरचा धातूचा कॅन वेगळा ठेवा, त्यात आणा, आणि होडीची टाकी काठावर जमिनीवर उतरवून तिथंच भरा. होडीत ठेवून भरू नका, गाडीच्या मागच्या डाल्यात (माल ठेवायच्या जागेत) प्लास्टिकच्या शीटवर ठेवून तर मुळीच नाही, स्टॅटिकनं ठिणगी पडते.

आंभोरावाला
हे पटलं, तसंच करतो. एकच राहिलं, टाकी बांधायला कड्या कुठं मारू? बुडाला भोक पाडायची भीती वाटते.

आर्गनवाला_हिंगणा
बुडाला नाही, पाटाच्या उभ्या पत्र्याला मारा, आतला फोम पाहून आखूड रिबिट घ्या. नाही तर होडी घेऊन या, दोन कड्या आर्गननं मारून देतो, पण टाकी आणि पेट्रोल घरी ठेवून या, आणि आदल्या दिवशी होडी धुऊन उन्हात उघडी ठेवा.

डोंगावाला
आर्गन फोमच्या पत्र्यावर नका मारू भाऊ, फोम जळन. रिबिटच मारा.