घानामध्ये मुलं खरंच एकच वर्ष कॉलेज करतात का?

सांगलीकर_एमए
नमस्कार मंडळी. एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, असाइनमेंटला मला घाना देश आलाय. युनेस्कोच्या टेबलात उच्च शिक्षणाची अपेक्षित वर्षं, पुरुष, असा एक रकाना आहे आणि घानासमोर आकडा दिसतोय 1 च्या आसपास. आता डिग्री तिथे 4 वर्षांची, मग पोरं वर्षभरात कॉलेज सोडतात की काय? मी तसंच लिहून दिलं होतं, ड्रॉपआउट प्रचंड आहे म्हणून, तर मॅडमनी खाली लाल रेघ मारून "परत बघ" एवढंच लिहिलंय. सोमवारी पुन्हा द्यायचंय. आणि पुरुषांचा आकडा वेगळा का काढतात तेही कुणीतरी सांगा प्लीज.

आकडेमोड_काका
मॅडमची रेघ बरोबर आहे बाळा. हा आकडा कॉलेजात बसलेल्या पोरांचा नाहीच मुळी, देशातल्या सगळ्या पोरांचा आहे, कोकोच्या मळ्यात राबणारा पण त्यात आला आणि ट्रोट्रोच्या, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसच्या दारात लटकून गिऱ्हाइकं बोलावणारा पण आला. असं बघ, गावात 100 पोरं आहेत, त्यातली 20 कॉलेजला गेली आणि 5 वर्षं टिकली असं धर (5 का ते खाली सांगतो), म्हणजे शिक्षणाची एकूण वर्षं झाली 100, ती 100 जणांत वाटली की माणशी 1. एकानेही कॉलेज सोडलेलं नाही तरी उत्तर 1 च येतं!

युनेस्को उच्च शिक्षणासाठी शाळा संपल्यानंतरची 5 वर्षं धरते, त्या वयाच्या पोरांच्या तुलनेत पटावर किती जण आहेत ते प्रमाण काढते आणि मग ढोबळमानाने गुणिले 5. घानाचं ते प्रमाण अलीकडे 20 टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून तुला 1 दिसला. आणखी एक, पटावरच्यांचं वय बघत नाहीत, 30 वर्षांचा माणूस नोकरी सांभाळून शिकत असेल तर तोही मोजला जातो, नापास होऊन परत त्याच वर्गात बसलेला पण. आयुर्मानासारखंच आहे हे, आजचे दर असेच राहिले तर आजच्या पोराच्या वाट्याला सरासरी किती येईल एवढंच तो सांगतो.

कुमासी_ते_कराड
काकांनी गणित नीट सांगितलं, मी माणसं सांगतो. घानातल्या कुमासी शहरात 6 वर्षं स्पेअर पार्ट्सच्या धंद्यात होतो, सुआमे मॅगझिनच्या शेजारी. मॅगझिन म्हणजे गॅरेजांचं अख्खं गावच, जिकडे बघाल तिकडे उघडी इंजिनं, आणि शाळा सुटलेली पोरं मास्टरच्या हाताखाली काम शिकतात. त्यांची ती वर्षं या टेबलात शून्य.

आमच्याकडे एक पोरगा होता, हुशार, हाताला साफ. बारावीला, म्हणजे तिथल्या वासी परीक्षेला, मॅथ्समध्ये डी7 आला, कॉलेजला किमान सी6 लागतो, आणि कोअर मॅथ्स, इंग्लिश राहिलं की बाकी विषयांत कितीही मार्क असोत दार बंद. मग बाहेरून परीक्षा द्यायची, तिला सगळे नोवडेक म्हणतात. तीन वर्षं हा नोवडेक देत होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ब्रेक पॅडच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आतल्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवायचा, समीकरणाच्या मधोमध ग्रीसचा अंगठा उठलेला. ड्रॉपआउट लिहू नकोस रे मित्रा, ही पोरं आत जायलाच धडपडत असतात.

भूगोलवाली
पुरुषांचा वेगळा का, तर आधी दोघांत फरक खूप होता म्हणून. मुलगे बरेच पुढे असायचे, अलीकडे मुली जवळपास त्यांच्या बरोबरीला आल्यात. नुसती सरासरी बघितली असती तर हा बदल कळलाच नसता. पण उत्तरेकडच्या मुली अजूनही अक्रा, कुमासीच्या बाजारात डोक्यावर ओझी वाहायला येतात, त्यांना कायायेई म्हणतात, तेव्हा प्रदेश पण बघ.

आणि सांगलीकर, आकड्यांची मालिका काढशील तर वर्षावर्षाने ती का हलते ते नक्की लिही, मार्क त्यातच आहेत. अक्राजवळ लेगॉनचं विद्यापीठ 1948 चं, कुमासीचं 1952 ला टेक्निकल कॉलेज म्हणून सुरू झालं, केप कोस्टचं 1962, उत्तरेला तामालेला विद्यापीठ मिळायला मात्र 1992 उजाडलं. 2012 च्या कायद्याने शिक्षक प्रशिक्षण कॉलेजं उच्च शिक्षणात धरली गेली. 2007 ला सीनियर हायस्कूल 3 चं 4 वर्षं केलं, सरकार बदललं तसं परत 3, त्यामुळे 2013 ला दोन बॅच एकदम बाहेर पडल्या आणि कॉलेजच्या दारात ही गर्दी.

सांगलीकर_एमए
बापरे, मी तर अख्खा परिच्छेद चुकीचा लिहिला होता. पण ताई, 2017 ला तिथे सीनियर हायस्कूल मोफत केलं असं वाचलं, मग आता आकडा एकदम वर जायला हवा ना?

भूगोलवाली
वर जायला जोर मिळतो, पण लगेच नाही. 2017 ला आत गेलेली मुलं 2020 ला परीक्षेला बसली, म्हणजे आधी 3 वर्षं वाट बघ. शाळांतच इतकी गर्दी झाली की 2018 ला डबल ट्रॅक आणला, ग्रीन आणि गोल्ड, एक गट वर्गात तर दुसरा घरी. तीच मुलं पुढे विद्यापीठात आली, जागा आणि होस्टेल त्या मानाने कुठून आणणार? त्यात भागाकारात खाली त्या वयाची सगळी लोकसंख्या आहे, ती पण वाढतेय, म्हणजे पटावर हजारो वाढले तरी टक्का सावकाश सरकतो.

कुमासी_ते_कराड
होस्टेलचं अगदी खरं, एका खोलीत हक्काचे चार आणि गादी टाकून राहणारे आणखी दोन-तीन, त्याला पर्चिंग म्हणतात, पक्षी फांदीवर बसतो तसं. आमचा तो पोरगा पण पहिलं वर्ष असाच राहिला. हो, चौथ्या वेळेला सी6 आला त्याला, तिथल्याच टेक्निकल युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलला गेला, तेव्हा 24 चा होता. निकाल फोनवर बघितला आणि तसाच काउंटरवर चढून बसला, दहा मिनिटं काही बोलेचना.

आकडेमोड_काका
24 चा असला तरी तुझ्या टेबलात तो आहे बरं का सांगलीकर, पटावर आहे ना. सोमवारच्या असाइनमेंटमध्ये वय न बघता मोजतात ते वाक्य विसरू नकोस.