मूत्रपिंडाचा कर्करोग पसरल्यावर स्थानिक उपचार

प्रश्न: वडिलांचे मूत्रपिंड काढल्यानंतर दोन वर्षांनी फुफ्फुसात दोन आणि मांडीच्या हाडात एक गाठ आढळली असून, रात्री कूस बदलतानाही ते कळवळतात. औषधांखेरीज गाठींवरच थेट उपचार होतात का?

उत्तर १: होतात. गाठी मोजक्या असल्यास त्या शस्त्रक्रियेने काढता येतात किंवा सुईवाटे गोठवता येतात. नेहमीच्या किरणोपचाराला हा कर्करोग फारसा दाद देत नाही असे मानले जाई, परंतु थोड्या बैठकांत नेमकेपणाने दिलेल्या मोठ्या मात्रेच्या स्टिरिओटॅक्टिक किरणांनी तो बऱ्याचदा आटोक्यात राहतो.

उत्तर २: आधी हाडाचे पाहा, कारण ते मोडण्यापूर्वी सळई बसवणे कितीतरी सुसह्य असते. या गाठींत रक्तवाहिन्या फार असल्याने शस्त्रक्रियेआधी एम्बोलायझेशनने रक्तपुरवठा रोखतात. त्याविषयी अवश्य विचारा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. उद्याच अस्थिशल्यचिकित्सकांना क्ष-किरण चित्रे दाखवतो.