मदत हवी आहे : आप्पांची लाळ अमेरिकेच्या डीएनए कंपनीला द्यावी का?

नमस्कार मंडळी. विषय घरचाच आहे, पण सल्ला जाणकाराचा लागेल.

आम्ही रावेर तालुक्यातले. चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो, दिवाळीला आला तो दोन खोकी घेऊन. आत बारकोड लावलेली प्लास्टिकची नळी. खुणेपर्यंत थुंकायचं, झाकण दाबलं की त्यातलं औषध खाली उतरतं, मग हलवून पिशवीत बंद. "आपण गुजरातेतून आलो म्हणतात, खरं-खोटं कळेल," हा दादाचा हेतू. एक नळी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कारण हयात असलेल्यांत तेच थोरले, दुसरी मला. आप्पा एका पायावर तयार. भाट वही घेऊन आला की सतरंजी टाकून सगळ्या पिढ्या ऐकणारा माणूस. म्हणतात, "थुंकायलाच सांगतोय ना, किडनी थोडीच मागतोय?"

दादाने स्वतःची तपासणी आधीच केली आहे. सख्ख्या चुलतभावांचा साधारण साडेबारा टक्के डीएनए सामाईक असतो, म्हणजे माझा आठवा हिस्सा मला न विचारता तिकडे जमा आहे. आप्पांनी दिलं तर निम्मा जाईल. बहिणीचा, तिच्या पोरांचाही वाटा त्यात आहेच. सही मात्र एकट्या आप्पांची. सामाईक शेत विकायचं तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात, इथे कोणाचीच नको?

थोडं वाचलं. ट्वेंटीथ्री अँड मी ही अशीच डीएनए तपासणारी अमेरिकी कंपनी, तिच्या 2023 च्या माहितीचोरीत खाती फोडली गेली जेमतेम 14,000, तीही दुसरीकडून चोरलेले पासवर्ड लावून. माहिती गेली सुमारे 69 लाख लोकांची, कारण एका खात्यातून त्याचे जुळलेले नातेवाईक दिसत होते. मग मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि शेवटी संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने 30.5 कोटी डॉलरला ती घेतली. दादा म्हणतो, "बघ, घरच्या घरातच राहिलं." राहिलं खरं, पण बोलीला चढलं ना!

तरी माझी खरी धास्ती अमेरिकेची नाही, इथली आहे. आमच्या सोयरिकी यावल, रावेर, भुसावळ, जामनेर यातच फिरतात. त्या साइटवर उद्या इकडची माणसं वाढली तर अर्धी ओळखीचीच निघतील. पुतणीसाठी स्थळं बघणं चालू आहे. दादाने आपल्या रिपोर्टचा फोटो भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, त्याखाली काकूंनी विचारलं, "रिस्क वाढलेली म्हणजे साखर का रे?" दुसऱ्या दिवशी दादाला साखर आहे हे सावद्यापर्यंत पोचलं होतं. यात थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक वगैरे शब्द आला तर पोरीच्या लग्नाचं काय?

दिलेला नमुना खरंच पुसता येतो का? आणि दादाचा गेलाच आहे, तर मी नाही म्हणून काही फरक पडतो का?

प्रतिसाद, धुळेकर :
भाऊ, मी लॅबमध्ये काम करतो. वडिलांकडची ओळ वाय गुणसूत्रावरून बघतात आणि ते बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं येतं. तुमच्या दादाचं आणि आप्पांचं वाय एकच. त्या ओळीबद्दल आप्पांची नळी नवीन काही सांगणार नाही, हे दादाला सांगा. आजीच्या माहेरची ओळ हवी असेल तर गोष्ट वेगळी.

पुसण्याबद्दल : खातं बंद करता येतं, साठवलेला नमुना नष्ट करायला सांगता येतो. पण संशोधनाला संमती दिली असेल, तर झालेल्या अभ्यासातून माहिती मागे येत नाही. ट्वेंटीथ्री अँड मीच्या धोरणात लॅबकडे नियमांपोटी काही जनुकीय माहिती, जन्मतारीख आणि लिंग राहतं असंही आहे. संमतीचे रकाने वेगवेगळे असतात, दादाला ते परत उघडून बघायला लावा. तुम्ही नाही म्हटल्याने फरक पडतोच, आठवा हिस्सा म्हणजे पूर्ण माणूस नव्हे.

थॅलेसेमियाची शंका असेल तर एचपीएलसी ही रक्ताची तपासणी इथेच होते. नंदुरबारकडे सिकलसेलच्या (हाही रक्ताचा आनुवंशिक आजार) शिबिरातही रक्तच तपासतात, डीएनए परदेशी धाडत नाहीत.

प्रतिसाद, चाळीसगाववाला :
एवढा काय बाऊ? आधारला दहाही बोटं दिलीत की.

धुळेकर :
बोटाच्या ठशावरून चुलतभाऊ सापडत नाही. कॅलिफोर्नियात 2018 मध्ये जुना खुनी पकडला तो दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून, त्याने स्वतः कुठे काही दिलं नव्हतं. खुनी सापडला ते बरंच झालं, पण वाट तीच. आणि आपला 2023 चा विदा (डेटा) संरक्षण कायदा परदेशी कंपनीला लागतो तो ती भारतातल्या लोकांना माल किंवा सेवा देत असेल तर. बॅगेतून आलेल्या खोक्यावर त्याचा भरवसा ठेवू नका.

मूळ धागाकर्ता :
वायचा मुद्दा दादाला लगेच पटला, माझी नळी परत खोक्यात गेली. आप्पा मात्र रुसलेत, त्यांना आता आजीच्या माहेरचं बघायचं आहे. तूर्त दादाच्या खात्यातली 'नातेवाईक' सोय बंद करायला लावतोय. ती बंद केली तर आधी जुळलेल्यांच्या यादीतून त्याचं नाव जातं का? कोणी स्वतः करून बघितलं असेल तर सांगा, त्याचं परतीचं विमान रविवारी आहे.