ॲड-ऑनच्या नंबरात प्लॅटफॉर्मचा नंबर कशाला?

गाठोडं:
काल इथे एकाने सल्ला दिला की ॲड-ऑनच्या (मूळ सॉफ्टवेअरला, म्हणजे प्लॅटफॉर्मला, जोडायच्या भागाच्या) आवृत्ती-नंबराची सुरुवात प्लॅटफॉर्मच्या नंबराने करा, म्हणजे कशावर चालतं ते बघताक्षणी कळतं. डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

वेबसाइट बनवायच्या द्रुपलने हे वर्षानुवर्षं केलं. द्रुपल सातसाठी ७.एक्स-३.२, आठसाठी ८.एक्स-१.०. आता ३.२ वरून १.० वर आलेल्या माणसाला वाटणारच की जुनं काहीतरी गळ्यात मारलं. जून २०२० मध्ये द्रुपल ९ आलं. बऱ्याच मोड्यूल्सचा (तिथल्या ॲड-ऑनचा) तोच कोड आठ आणि नऊ दोन्हीवर चालायचा, पण नाव ८.एक्सच! शेवटी त्यांनीच साध्या तीन आकड्यांची सोय केली आणि कशावर चालतं ते इन्फो फाइलीत लिहायला लावलं: '^८.८ || ^९', म्हणजे ८.८ पासून पुढचं आठ किंवा नऊ. ती माहिती तिथेच हवी. नंबराने ॲड-ऑनमध्ये काय बदललं तेवढं सांगावं.

पाचआकडी:
द्रुपलच्या चष्म्यातून सगळं जग बघू नका. ओडूत (धंद्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) आम्ही १६.०.१.०.० असं लिहितो. पहिले दोन आकडे ओडूचे, पुढचे तीन मोड्यूलचे. दर आवृत्तीची ब्रँच (कोडची शाखा) वेगळी, कारण कोडच वेगळा असतो. ओडू १७ ने व्ह्यूमधलं (पडद्याच्या मांडणीतलं) 'ॲट्रस' हे ॲट्रिब्यूट काढून टाकलं. ते वापरणारं १६ चं मोड्यूल १७ वर टाका, इन्स्टॉल करतानाच आपटेल. तिथे नुसतं १.०.० लिहून कुणाचं भलं होणार आहे?

सुतारपक्षी:
भांडता कशाला? माइनक्राफ्ट गेमच्या मॉडवाले (ॲड-ऑनवाले) लिहितात तसं १.४.०+१.२०.१ लिहा. आधी मॉडचा नंबर, मग गेमचा, दोन्ही गोष्टी आल्या.

गाठोडं:
माणसाला दिसतं, पण सेमव्हर २.०.० च्या (आवृत्ती-नंबर लिहायच्या प्रमाण पद्धतीच्या) नियमात अधिकच्या चिन्हानंतरचं तुलनेत धरतच नाहीत. म्हणजे १.४.०+१.२०.१ आणि १.४.०+१.२१ यांतलं पुढचं कुठलं, ते अपडेटरला ठरवता येत नाही. डॅश टाकलात तर आणखी वाईट. १.४.०-२० हे प्री-रिलीज (पक्क्या आवृत्तीआधीचं) ठरतं, १.४.० च्याही खालचं.

उंबरठा:
नंबराचं जाऊ द्या हो, त्या 'टेस्टेड अप टू'चं (प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसचं ॲड-ऑन, कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलं ते सांगणाऱ्या आकड्याचं) बोला. वर्डप्रेसच्या तीन मोठ्या आवृत्त्या गेल्या आणि तो आकडा बदलला नाही, की प्लगिनच्या पानावर पिवळी पट्टी. कोड ठणठणीत असतो! एकाने पट्टी बघून एक स्टार दिला, 'बेवारस प्लगिन' म्हणून. फुकट काम करायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं.

पाचआकडी:
मग बदला की आकडा. नवीन रिलीजसुद्धा लागत नाही, स्टेबल टॅगच्या (सध्या लोकांना मिळणाऱ्या आवृत्तीच्या) रीडमी फाइलीत एक ओळ.

मध्यरात्र:
न तपासता ती ओळ बदलणं म्हणजे खोटं बोलणं आहे! एका पेमेंट प्लगिनवाल्याने हेच केलं. त्या आकड्यावर विसंबून मी दुकानाची साइट अपडेट केली आणि चेकआउटला पांढरं पान. ऑर्डरी बंद, मालक फोनवर ओरडतोय. मला एक स्टारची भीती सांगू नका.

उंबरठा:
मी न तपासता बदला म्हटलं का? आधी नीट वाचा. आणि चालू दुकानावर थेट अपडेट कोण करतं? स्टेजिंग (चाचणीसाठी साइटची वेगळी प्रत) कशासाठी असतं?

मध्यरात्र:
स्टेजिंगचे पैसे क्लायंट देत नाही. ज्याने 'तपासलं' असं लिहिलं त्याने तपासलेलं असावं, एवढीच अपेक्षा आहे. ती जास्त असेल तर तो रकानाच काढून टाका.

गाठोडं:
@पाचआकडी, दर आवृत्तीला कोड खरंच वेगळा असेल तर ब्रँचच्या नावात प्लॅटफॉर्म येऊ दे, तेवढं मान्य. पण एकच झिप तीन आवृत्त्यांवर चालत असेल तर तुमच्या पद्धतीत तिला तीन नावं द्यावी लागतील. मग सुरक्षेची दुरुस्ती नेमकी कुठल्या नंबरात आली, ते तीन ठिकाणी शोधत बसायचं.

पाचआकडी:
ओडूत एकच झिप तीन आवृत्त्यांवर चालवून दाखवा, मग बोलू. बाकीच्यांनी तीन आकडे लिहावेत, माझी हरकत नाही. आमच्याकडे पाचच राहणार.